फाळक्यावरची ओळ

हिरामण ट्रकच्या चाकांखाली लिंबं ठेवत होता. उस्तादांनी ट्रक घेतला होता आणि पूजेचा हा मान त्यालाच दिला होता. त्याला गाडी शिकवली तीही त्यांनीच.

खरं तर हा ट्रक सेठकडून हिरामणच घेणार होता. तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "पोरा, मालकीच्या फंदात पडू नको. ड्रायव्हर घोरतो, मालक रात्रभर कूस बदलतो." बापाचं ऐकावं तसं त्यानं ऐकलं. पुढं उस्तादांनीच तो घेतला, तेव्हा "सेठनं गळ्यात मारला रे," हेही त्यानं खरं मानलं.

मागच्या चाकाशी वाकताना ओल्या रंगाचा वास आला. त्यानं वर फाळक्यावर पाहिलं. 'दमानं घे दादा, लेक वाट बघती.'

आपल्या गाडीवर लिहायला जपलेली ही ओळ त्यानं ढाब्यावर एकट्या उस्तादांना सांगितली होती. उस्तादांना तर लेकच नव्हती.

"चल, बस स्टिअरिंगवर," उस्तादांनी चावी पुढं केली. "आपलीच गाडी समजून चालव."

हिरामणनं चाकाखालचं लिंबू काढून खिशात घातलं.

"राहू द्या, उस्ताद. लागू दे ज्याची लागायची त्याची नजर."