एकाच जातीचे प्रोसेसर

श्रीधर ताम्हाणे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं मन ज्या यंत्रात जपलं होतं, ते आता कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. त्यातच गेल्या महिन्यात मुलगी ऋजुता अपघातात गेली; तिचंही मन जपून ठेवलं होतं. दोन यंत्रं परवडणारी नव्हती; बापलेकीची मनं निदान एका यंत्रात नांदावीत, म्हणून श्रीधरांच्या पत्नी इंदुमतीबाई मुनोतांच्या दुकानात आल्या होत्या.

"मदरबोर्डवर दोन प्रोसेसर बसतात, बाई, पण एकाच जातीचे," मुनोत म्हणाले. "जुना बोर्ड घेतलात तर दोघं चालतील. पण मुलगी नवीन काही शिकणार नाही, आहे तिथेच थांबेल. नव्यावर ती वाढेल, पण साहेब त्यावर चालायचे नाहीत."

काउंटरवरच्या जुन्या यंत्रातून श्रीधरांचा खरखरता आवाज आला. "नवा घे, इंदू. पोरीचं अजून काहीच झालं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्याशी पुष्कळ बोललो."

इंदुमतीबाईंनी त्या यंत्रावर हात ठेवला. मग त्यांनी नव्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

"दुसरी जागा रिकामी राहील," मुनोत हलकेच म्हणाले. "बंद करून टाकू?"

"नको," त्या म्हणाल्या. "तिथे मी येईन."