तांब्याच्या पत्र्यावरचा धनाजी

वेल्ह्याला एसटीतून उतरल्यावर वैदेही जवळजवळ पळतच निघाली. अशी बातमी फोनवर सांगायची नसते.

भोरला राहणारी वैदेही अ‍ॅक्वाटिंट करते. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी तापवून चिकटवायची, पत्रा आम्लात बुडवून धूसर छटा उठवायच्या आणि त्यावरून कागदावर छापे काढायचे. पुण्यातल्या एका संग्रहालयात तिनं बेपत्ता माणसांचे चेहरे मांडले होते, खाली स्वतःचा नंबर देऊन. कुणीतरी ओळखेल, एवढीच आस. त्यातलाच एक धनाजी, बाळाबाईंचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी घरातून नाहीसा झालेला.

छापा पाहायला बाळाबाई आणि सून मंगल भोरला आल्या, तेव्हा कागदाकडे दोघींनी धड पाहिलंही नाही. बाळाबाईंनी पत्राच मागून घेतला. संग्रहालयाला तोही मांडायचा होता. पण आईपुढे वैदेहीला नाही म्हणवेना.

आणि काल फोन आला. प्रदर्शन पाहून आलेला एक ड्रायव्हर सांगत होता, कापूरहोळच्या ढाब्यावर हुबेहूब असाच माणूस काम करतो. ऐकून वैदेहीला रडूच आलं.

तिनं उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. भाकरी थापणाऱ्या मंगलचा हात थांबला. मनगटाशी तो वाकडा होता. धनाजीनंच पिऊन मोडलेला, हे साऱ्या गावाला ठाऊक. तरी बिचारी कुंकू लावून त्याचीच वाट बघते, याचं वैदेहीला फार वाईट वाटायचं.

"त्यो दुसराच कुनी असंल, ताई," बाळाबाई म्हणाल्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वैदेहीनं समजूत घातली. उद्या आपण तिघी जाऊन बघू, म्हणाली. मंगल पुन्हा भाकरी थापायला लागली.

चपला काढून ती देवाला हात जोडायला वळली. देव्हाऱ्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक ओळीनं उभे होते, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले. ओळीच्या शेवटी तिचा तांब्याचा पत्रा होता. त्याला हळद-कुंकू वाहिलेलं होतं आणि पुढं दहीभाताचा घास.

"मावशी, हे काढा आधी. धनाजी जिवंत आहे."

बाळाबाईंनी मंगलकडे पाहिलं. मग पदर सावरत शांतपणे म्हणाल्या,

"टाक तरी नीट बसवावा म्हनलं, ताई. अग्नी न्हाई देता आला आमाला. गावाला धूर दिसला असता."