सवतीचा सोनटक्का

दिवेलागणीला खिडकीतून सोनटक्क्याचा वास आत आला, की नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहायचा आणि तो दाराकडे बघत बसायचा. ती त्याची दुसरी बायको. पहिली देवाघरी गेली, पण जाताना हा वास मागे ठेवून गेली, असं तिने मनाशी धरलं होतं.

तो परगावी गेल्याची संधी साधून तिने कुदळ घेतली. खिडकीखालचा अख्खा ताटवा उपटला, आल्यासारखे ते जाडजूड गड्डे राग निवेपर्यंत तोडले आणि खताच्या खड्ड्यात टाकले. पुढे तेच खत हौसेने साऱ्या बागेला घातलं. सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत बघत होत्या.

पाऊस सरता सरता कुंपणाशी, नळापाशी, अगदी उंबऱ्याला लागून सोनटक्का फुलला. ती सासूबाईंकडे वळली.

"आई, तुकड्यातुकड्याला कोंब फुटतो हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग मला अडवलं का नाहीत?"

"अडवून ऐकलं असतंस होय?" सासूबाई हलकेच म्हणाल्या. "आणि बाई गं, त्याचा घास थांबतो तो तुझ्या सवतीसाठी नाही. त्याच्या आईसाठी."

"म्हणजे? तुम्ही तर इथेच आहात."

"मी सावत्र. नवी नवरी होऊन आले, तेव्हा मीही अशीच कुदळ चालवली होती. तेव्हा दारात एकच रोप होतं गं."