अस्वलाचे पाय

हिवाळाभर गुहेत पडून राहूनही अस्वलाचे पाय लुळे कसे पडत नाहीत, याच्या अभ्यासात प्राध्यापकांनी उभी हयात घालवली. अस्वल महिनोन् महिने अन्नपाण्याशिवाय झोपतं आणि थंडी सरली की उठून सरळ चालू लागतं. माणूस तसाच पडून राहिला, तर थोड्याच आठवड्यांत त्याच्या मांड्यांचं चिपाड होतं, हे ते भेटेल त्याला सांगत.

गेल्या वर्षी त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली. पायाचं मोडलेलं हाड जुळलं. "आता त्यांना रोज धरून चालवा, नाहीतर पाय जातील," असं डॉक्टरांनी बजावलं. आई रोज सकाळी चपला घालून पलंगाच्या कडेला बसायची. "आज अस्वलांचा अहवाल द्यायचाय गं, उद्या नक्की चालू," असं म्हणत प्राध्यापक घाईने बाहेर पडायचे. पुढे पुढे आईने चपला घालणं सोडून दिलं.

परवा त्यांच्या संशोधनाला मोठा पुरस्कार मिळाला. आईला चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. "माझ्या यशामागे माझी आई खंबीरपणे उभी आहे," असं प्राध्यापक गहिवरून म्हणाले आणि अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उठलं.

शेजारच्या बाईंना खुर्चीची चाकं दिसली नसावीत. त्या वाकून म्हणाल्या, "आजी, उठा ना. तुमचाच मुलगा ना तो?"



"माझाच," आई म्हणाली. "म्हणून तर बसलेय."