लोहचुंबक

धरणातून काढलेल्या रिकाम्या गाडीवर गाळ थापला होता, नंबरप्लेटा निखळल्या होत्या. एकनाथ मिस्त्रींनी पुढच्या चाकाला लोहचुंबक लावलं. ते खटकन चिकटलं.

"हे लोखंडी, साहेब. माझ्या मुलाची चाकं अलॉयची, मीच पॉलिश केलेली. ही त्याची गाडी नाही." दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"बाकीचीही बघून घ्या, मिस्त्री," हवालदार हळूच म्हणाला.

मागच्या चाकावरून चुंबक घसरून चिखलात पडलं. मिस्त्रींनी अंगठ्याने गाळ पुसला. खाली त्यांच्याच हातची चकाकी होती.

म्हणजे पुढचं तेवढं लोखंडी स्टेपनीचं. मुलगा निघताना त्यांनीच सुनावलं होतं, "पंक्चर झालं की बापाला फोन करायचा नाही. आपलं चाक आपण बदलायला शीक."

पोरगं शिकलं होतं.