सगळ्यात वाईट दिवस

"रांगेतून सूट हवी तर लेकीचा सगळ्यात वाईट दिवस सांग, कौतुक करत बसू नकोस," असं स्वमग्न मुलांच्या आयांनी कोरीनला बजावलं होतं. फ्लोरिडातल्या थीम पार्कच्या सवलतीच्या खिडकीशी तिने सहा वर्षांच्या डेलियाच्या कानांवर हेडफोन चढवले. एरवी गोंगाटासाठी, आज स्वतःचं बोलणं लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. "हिला रांगेत काय होतं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. "किंचाळते, डोकं आपटते, मला चावते." स्वतःच्या आईपासूनही लपवलेलं सांगताना कोरीनला रडू फुटलं. डेलियाने आईला खाली ओढलं, हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले. "आत्ता थांबेल हं," गोंगाटात आई म्हणते अगदी तसंच ती पुटपुटली. लेक इतकी शांत दिसली तर सूट जाईल म्हणून कोरीन घाबरली. "ही रोज अशी नसते हो." "सूट मगाशीच दिलीय," बाई पुढे वाकून मोठ्याने म्हणाल्या. "आता एखादा चांगला दिवस सांगा." कोरीनने हेडफोन न काढताच सांगून टाकलं, "आजचा."