हेच माझं बोलणं

“थांब रे बाबा, हे मी कुठं म्हटलं?”

कारकुनाचं बोट ओळीवरच थबकलं. नवा कायदा लागू होऊन चारच दिवस झाले होते. जबानी लिहून झाली की ती साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि ‘हेच माझं बोलणं’ असं त्यानं म्हटल्याशिवाय ती धरायची नाही. एकतीस वर्षं साक्षीदार बोलत आले, कारकून लिहीत आला, आणि ते खाली सही किंवा अंगठा करून चालते झाले. आज पहिल्यांदाच त्याला कुणी अडवलं होतं, आणि तेही जिन्याखाली कपड्यांना इस्त्री करणाऱ्या म्हातारीनं.

“काय चुकलं, आजी?”

“‘आरोपीने ढकलल्यामुळे मालक जिन्यावरून कोसळले’ म्हणे! ढकललं असं कोण म्हणालं? धाडकन आवाज झाला. मी इस्त्री उभी करून बाहेर आले, तर हा त्यांच्यावर वाकलेला. एवढंच.”

आरोपीच्या पिंजऱ्यातला प्लंबर कठडा धरून पुढं सरकला. इमारतीच्या मालकांच्या खुनाच्या आरोपाखाली दोन वर्षं तो तुरुंगात होता. घरी जायचं की जन्मभर आत सडायचं, हे या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं.

“अर्थ तोच होतो, आजी. मी फक्त जरा नीट मांडलं.”

“अर्थ तुझा असेल, तोंड माझं आहे. आणि हा ‘सदर इसम’ कोण? आमच्या इमारतीत असा कुणी राहत नाही.”

मागच्या बाकावर वकील खो खो हसले. कारकुनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याच्या भाषेचं आजवर कौतुकच झालं होतं. लोक काहीबाही बरळतात, हा ते कोर्टाला शोभेलसं करून देतो, असं जुने साहेब चारचौघांत सांगायचे.

“त्या म्हणतात तसं लिहा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

त्यानं ओळ खोडली. ‘वाकलेला’ एवढाच शब्द लिहिला. तो त्याला उघडा, बोडका वाटला. पुढं काहीतरी जोडायला हात शिवशिवला, पण म्हातारीची नजर पेनावरच होती. त्यानं पुन्हा वाचून दाखवलं.

“हां. हेच माझं बोलणं,” म्हणत तिनं अंगठा उमटवला.

पुढचा साक्षीदार पुकारायला कारकून घाईघाईनं उठला. तोच पिंजऱ्यातून आवाज आला.

“बाईसाहेब, वॉचमनकाकांची जबानीपण बघा ना. तिच्यातही मी ढकललंय म्हणतात.”

“ती कायद्याच्या आधीची आहे,” कारकून पटकन बोलला. “वाचून दाखवायचं बंधन नाही. आणि दाखवणार कुणाला? काका गेले उन्हाळ्यात.”

बोलला ते खोटं नव्हतं. कायदा अगदी त्याच्या बाजूनं होता. तरी त्याला खुर्चीत बसवेना. उभ्या उभ्याच त्यानं फाइल मागं चाळली. वॉचमनची जबानी सापडली. झोकदार अक्षर, एक खाडाखोड नाही. ‘आरोपीने ढकलल्यामुळे मालक जिन्यावरून कोसळले.’ शब्दाला शब्द.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बंधन नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी तुम्हाला विचारते आहे. ते नेमकं काय म्हणाले होते?”

कारकुनानं डोळे मिटले. काठीवर रेललेला वॉचमन दिसला. दर दोन शब्दांनी ढास लागायची. पाणी मागवलं होतं. ढास थांबायची वाट बघून कंटाळा आला होता, जेवायची सुट्टी होत आली होती, हेही आठवलं. तो पुन्हा पुन्हा त्या तोंडाकडं बघत राहिला. ओठ हलत होते.

“खोकत होते, बाईसाहेब,” तो शेवटी म्हणाला. “त्यांचं तेवढंच आठवतं. बाकीचं माझं आहे.”